अग्निशमन दलाची शारीरिक चाचणी: तयारीला लागलेल्या मुलींसाठी

मी अग्निशमन दलात काम करते. भरतीची तयारी करणाऱ्या मुली बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात: "ताई, आपल्याला काही सूट असते का?" मी त्यांना सांगते, सवलतीचं नंतर बघू, ती चाचणी नेमकं काय मोजते, ते आधी नीट वाच.

अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक दलांत 'सीपॅट' नावाची चाचणी घेतात. आठ कामं सलग, १० मिनिटं २० सेकंदांत. अंगावर सुमारे २३ किलोचं जाकीट आणि पहिल्या, म्हणजे जिने चढायच्या टप्प्याला खांद्यांवर आणखी ११ किलो. पुढे होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, ओढायचा, शिडी उभारायची, ७५ किलोचा पुतळा फरफटत न्यायचा. बाई असो की पुरुष, वजन तेच आणि वेळही तीच. मला हे मनापासून पटतं. धुरात बेशुद्ध पडलेला माणूस आपल्यासाठी हलका होत नाही.

पण सगळेच निकष असे कामातून आलेले नसतात. कॅनडात टॉनी मेयोरिन जंगलातले वणवे विझवायचं काम करत होत्या, आणि ते चांगलं करत होत्या. नंतर नवी चाचणी आली: अडीच किलोमीटर ११ मिनिटांत धावायचं. त्यांना ४९.४ सेकंद जास्त लागले आणि नोकरी गेली. १९९९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते काम सुरक्षितपणे करायला एवढा दम लागतोच, हे सरकारला सिद्ध करता आलं नव्हतं. म्हणून एखादा निकष खटकला, तर तो कशासाठी आहे हे बेधडक विचारा. तो हक्क आहे, रडगाणं नव्हे.

आता तयारी. बऱ्याच मुली नुसत्या धावत राहतात. दम वाढतो, पण चाचणीत हात साथ देत नाहीत. सरासरी पाहिली तर बायकांची पायांची ताकद पुरुषांच्या साधारण दोन-तृतीयांश असते, हात-खांद्यांची मात्र निम्म्याहून थोडीच जास्त. म्हणजे खरी मेहनत कुठे घ्यायची ते उघड आहे. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं), डोक्यावर वजन उचलणं, पुलअप (दांड्याला लटकून अंग वर खेचणं). आणि दोन्ही हातांत जड वजनं धरून चालणं, कारण आधी पकड सुटते. योग्य व्यायामाने बायकांची ताकदही पुरुषांच्याच टक्केवारीने वाढते, फक्त सुरुवात खालून होत असल्यामुळे महिने जास्त हाताशी ठेवा. जाकीट घालून जिने चढायचा सराव हळूहळू वजन वाढवत करा. होज हाताने खेचू नका. खांद्यावर घ्या, पुढे झुका आणि पायांनी ओढा.

वजन कमी करायच्या नादात जेवण तोडू नका. पाळी थांबली किंवा नडगीचं दुखणं हटेना, तर डॉक्टरांना दाखवा. कमी खाऊन जास्त राबलेल्या शरीरात हाडांना बारीक तडे जातात. थकवा जातच नसेल तर लोह तपासून घ्या.

साहित्याबद्दल संकोच तर अजिबात नको. मोठे हातमोजे पकड ढिली करतात, सैल बुटांत पाय घसरतो, आणि चेहऱ्यावर नीट न बसलेल्या मास्कमधून धूर आत येतो. हे सगळं सरावाच्या पहिल्याच दिवशी घालून बघा आणि मापाचं नसेल तर बदलून मागा.