लोट्याच्या पगारपत्रकापासून सीसीपीपर्यंत

लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्याच्या एचआरमध्ये मी अकरा वर्षं काढली. सकाळी चिपळूणहून कंपनीची बस, परशुराम घाट चढला की डबा अजून गरम असतानाच मस्टर हातात. पगार काढता येत होता. ठरवता येत नव्हता, हे मात्र एका ऑपरेटर काकांनी दाखवून दिलं. नऊ वर्षं रिॲक्टरवर काढलेला माणूस दोन पगाराच्या स्लिपा घेऊन समोर आला. त्यांची २१,६०० ची, नव्या पोराची २३,४०० ची. "मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा." मी "मार्केट रेट" असं काहीतरी पुटपुटले. खरं कारण एवढंच होतं की पोरगा त्याहून कमी पगारावर यायला तयार नव्हता.

त्यानंतर मी सीसीपीच्या मागे लागले. सर्टिफाइड कॉम्पेन्सेशन प्रोफेशनल, म्हणजे पगार ठरवण्याच्या कामाचं सर्टिफिकेट. देणारी संस्था अमेरिकेतली, वर्ल्डॲटवर्क. १९५५ पासूनची, आधी अमेरिकन कॉम्पेन्सेशन असोसिएशन या नावाने चालायची. नोकरी सांभाळून हे करायचं असेल तर माझा पहिला सल्ला असा: फी भरायच्या आधी तीन महिने स्वतःच्या कारखान्याच्या पगारपत्रकावर हात चालवा. फी डॉलरमध्ये जाते, वर बँक कार्डावर आपलं कापून घेते. आकडेमोड नकोशी वाटते की नाही, हे फुकटात कळलेलं बरं.

सुरुवात सरासरी आणि मध्यकापासून करा. सात जणांचं खातं घ्या: १८, १९, २०, २१, २२, २३ हजार आणि मॅनेजर ८७ हजार. सरासरी येते ३०,०००, जी त्या सातांतल्या एकालाही मिळत नाही. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, २१,०००. एका साहेबाने आख्खं खातं श्रीमंत दिसतं, म्हणून पगाराच्या सर्व्हेत, म्हणजे बाजारात कुठल्या कामाला किती मिळतं त्या पाहणीत, मध्यकाला मान.

मग काकांचं गणित. त्यांच्या ग्रेडचा पट्टा, म्हणजे किमान ते कमाल पगार, समजा १८,००० ते ३०,०००, मधला बिंदू २४,०००. पगाराला मधल्या बिंदूने भागलं की कॉम्पा-रेशो. काकांचा ०.९०, पोराचा ०.९८ च्या आसपास. पट्ट्यात कोण किती आत शिरलाय ते बघायचं तर पगारातून किमान वजा करा आणि पट्ट्याच्या रुंदीने, म्हणजे १२,००० ने भागा: काका ३० टक्के, पोरगा ४५. जुन्या-नव्यातलं अंतर असं आक्रसतं किंवा उलटतं, त्याला 'पे कॉम्प्रेशन' म्हणतात. मला नावापेक्षा त्या दोन आकड्यांनी जास्त लाज आणली. आमच्याकडे लेखी पट्टाच नव्हता. हा मी मागाहून बसवला.

सर्व्हेचा आकडा शिळा असतो, हेही शिका. एप्रिलचा दर २४,००० असेल, बाजार वर्षाला ९ टक्क्यांनी चढतोय असं धरलं आणि तुम्हाला जानेवारीचा दर हवा असेल, तर नऊ महिन्यांचे ६.७५ टक्के चढवा: २५,६२०. याला 'एजिंग' म्हणतात. परीक्षेत असल्या गणितांत माणूस घाईने चुकतो. मीही चुकले.

जॉब इव्हॅल्युएशन (कामाचं मोल ठरवणं), व्हेरिएबल पे (कामगिरीप्रमाणे बदलणारा पगार), फायनान्स हे वाचून जमतं, त्यावर फार शाई घालवत नाही.

कायद्याचं मात्र सांगायलाच हवं. कोर्समधला कायद्याचा भाग अमेरिकन. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमधले 'एक्झेम्प्ट' (ज्यांना ओव्हरटाइम देणं बंधनकारक नाही) आणि 'नॉन-एक्झेम्प्ट' (ज्यांना आहे) परीक्षेपुरते पाठ करा. पोट आपल्या कायद्यावर भरायचंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि 'वेतन' शब्दाची व्याख्याच बदलली. महिन्याचा मोबदला ३०,०००, त्यात बेसिक १०,००० आणि बाकी सगळे भत्ते, ही आमच्या भागातली लाडकी रचना. आता वगळायचे भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरतात. म्हणजे ५,००० परत आत, वेतन १५,०००. ग्रॅच्युइटी वेतनाच्या १५/२६ गुणिले वर्षं. दहा वर्षांना १०,००० वर ५७,६९२ होते, १५,००० वर ८६,५३८. हे मालकाला वेळेत सांगू शकलात तर कोर्सची फी कंपनी भरण्याची आशा धरायला हरकत नाही. माझ्या साहेबांनी अर्धी भरली, तीही दोन वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून घेऊन. सही करायच्या आधी ते कलम नीट वाचा.

'टोटल रिवॉर्ड्स' म्हणजे पगाराखेरीजचं सगळं धरून: मोबदला, सवलती, स्वास्थ्य, प्रगती आणि कौतुक असे पाच भाग शिकवतात. पुस्तकी वाटेल, म्हणून तुमच्या शॉप फ्लोअरवर जाऊन विचारा. मी विचारलं: महिन्याला ५०० वाढवून हवेत, की गणपतीत पाच दिवसांची पक्की रजा? बहुतेक हात रजेला वर. शिमग्याचं विचारायच्या आधीच एक जण "पालखी आमच्या दारी येते तो दिवस तरी" म्हणाला. कुठल्याही सर्व्हेत हा रकाना नसतो. तो तुम्ही घालायचा.

परीक्षा मी घरूनच दिली, कॅमेऱ्यासमोर. पहिला पेपर जूनअखेर घेतला हा शुद्ध वेडेपणा. पडवीच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळला की पलीकडच्या निरीक्षकाला खोलीत माणसं आहेत असं वाटलं. लॅपटॉप उचलून चारही भिंती आणि पलंगाखालची फणसाची परातसुद्धा दाखवावी लागली. मग लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. तो पेपर गेला. पुढचे पेपर मी डिसेंबर ते मार्चमध्ये बसवले, राउटरला वेगळी बॅटरी लावली आणि आईला कुकर लावू नको म्हणून बजावलं. तुम्हीही पावसाळा टाळाच. मे महिनाही नको, घरात पाहुणे आणि आंब्याच्या पेट्या असतात.

अभ्यासाला मी पहाटेचा दीड तास धरला. बसमध्ये वाचणं घाटातल्या वळणांनी जमू दिलं नाही, म्हणून सूत्रं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून कानात घातली. सर्टिफिकेट मिळालं की तीन वर्षांनी नूतनीकरण असतं, तेव्हा प्रत्येक प्रशिक्षणाचा कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावा.

काकांचा पगार दोन वाढींत २३,०४० वर आणता आला, कॉम्पा-रेशो ०.९६. पोरगा तोवर आणखी पुढे गेला होता. काकांनी स्लिप उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मागच्या नऊ वर्षांचं काय?" त्याचं सूत्र माझ्या पुस्तकात नव्हतं.