पीसी चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागतोय? आधी हे बघा

बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन झाला तरी पीसी आपला गोल गोल फिरतोय, बाबांच्या जुन्या ४ जीबी रॅमवाल्या डब्याची ही अशीच गत होती. दुकानवाला म्हणे फॉरमॅट मारा, पण त्याआधी हे फुकटातलं करून बघा.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअप वर जा.

२. 'स्टार्टअप इम्पॅक्ट' च्या रकान्यात 'हाय' लिहिलेलं आधी शोधा. व्हिडिओ कॉलचं, गाण्यांचं, प्रिंटरचं अपडेटर असलं काहीबाही सापडतं (आमच्याकडे तर प्रिंटर विकून दोन वर्षं झालेली). राइट क्लिक, डिसेबल. प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो.

३. आता रिस्टार्टच करा, शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप (पीसी लवकर चालू व्हावा म्हणून विंडोजमधली सोय) चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही.

आणि दोन-दोन अँटीव्हायरस टाकले असतील तर एक काढाच, एकमेकांच्या पायात पाय घालतात नुसते. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतोच, घरच्या वापराला तो पुरतो, फक्त दुसरा काढल्यावर हा चालू झालाय ना ते विंडोज सिक्युरिटीत जाऊन बघा.

एक मात्र सांभाळा, स्टार्टअपच्या यादीत ज्याचं नाव ओळखीचं नाही किंवा ज्यात सिक्युरिटी असं लिहिलंय त्याला हात लावू नका.