मध, पराग आणि पोळ्यातले परजीवी: घरी कसे तपासावे

पोळ्याच्या तुकड्यात दीडेक मिलिमीटर रुंदीचा, तांबूस, चपटा किडा दिसला तर तो बहुधा व्हरोआ माइट असतो. तो मधमाशीवर जगतो, तर नोसेमा हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी तिच्या आतड्यात. चुकून पोटात गेले तरी दोन्ही माणसात वाढत नाहीत. काळजी घ्यायची ती पुढच्या गोष्टींची.

आधी खाण्यासाठी आणलेला पराग तपासा, कारण सर्वात जास्त घोटाळा तिथेच होतो. नीट न वाळवलेल्या परागात साठवणीतले माइट झपाट्याने वाढतात. ते पांढुरके आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतात. चमचाभर पराग काळ्या कागदावर पसरा, वर दिवा धरा आणि पाच मिनिटे भिंगातून बघत राहा. भुकटी जागची हलताना दिसली तर डबा टाकून द्या. फ्रीझरमध्ये माइट मरतात, पण त्यांची विष्ठा आणि मेलेली शरीरे आतच राहतात, आणि ॲलर्जी होते ती त्यांच्यामुळेच. अंगावर गांधी, ओठांना सूज, दम लागणे अशी लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठा. ज्यांना दमा किंवा परागाची ॲलर्जी आहे, त्यांनी पराग खाऊच नये, कितीही स्वच्छ असला तरी.

पोळ्यासकट मध घेतला असेल तर आत जाळी किंवा काळपट दाणेदार विष्ठा आहे का बघा. असेल तर मेणकिडा लागला आहे. असे पोळे खाऊ नका. चांगले पोळे हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांवर 48 तास ठेवा, म्हणजे न दिसणारी अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. घाई केली की पोळ्यावर दव धरते, मधात पाणी मुरते आणि तो आंबतो.

व्हरोआसाठी पेटीत वापरलेली फ्लुव्हॅलिनेट, कूमाफॉससारखी औषधे मेणात साचत जातात. म्हणून मेण चघळून थुंकून द्या, आणि औषध कधी दिले होते ते मधपाळाला विचारा.

एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूसुद्धा नका. हा धोका परजीवींचा नाही, बोट्युलिझम या लकवा आणणाऱ्या विषबाधेच्या जीवाणूचा आहे, आणि त्याचे बीजाणू मध उकळूनही मरत नाहीत.