कोणाची जखम कुठे आहे: रग्बी लीगच्या शहरात नव्याने आलेल्यांसाठी

सिडनीत किंवा ब्रिस्बेनमध्ये नोकरीला लागलात की पहिल्या पंधरवड्यातच कोणीतरी चहाच्या वेळी विचारतं, "हू डू यू गो फॉर?" हा प्रश्न क्रिकेटबद्दलचा नसतो. मार्च ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथे जो खेळ चालतो, त्यातली तुमची टीम कोणती, असं विचारलेलं असतं. "मला काही कळत नाही" म्हटलंत तरी कोणी वाईट मानत नाही. पण कोणती टीम का आहे, कोणती का नाही आणि कोणती दोन नावांची का आहे, एवढं माहीत असेल तर समोरचा माणूस मोकळा होऊन बोलू लागतो.

आधी शब्द नीट लावून घ्या. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी पाहिली असेल ती युनियन, पंधरा जणांची. इथे "रग्बी" म्हटलं की तीच समजतात. तेरा जणांच्या खेळाला "लीग" किंवा नुसतं "फूटी" म्हणतात. मात्र मेलबर्न, पर्थ, अ‍ॅडलेडमध्ये "फूटी" म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, अंडाकृती मैदानावरचा सर्वस्वी वेगळा खेळ. बदली होऊन एका शहरातून दुसऱ्यात गेलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

लीग आणि युनियन वेगळे का झाले, तर खाड्यामुळे. उत्तर इंग्लंडचे गिरणी आणि खाण कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यायला लंडनकडचे साहेब तयार नव्हते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. सिडनीत तेच १९०७ मध्ये झालं आणि १९०८ साली नऊ टीमची पहिली स्पर्धा खेळली गेली. गिरणगावच्या कबड्डीची परंपरा माहीत असलेल्या माणसाला या खेळाचा स्वभाव लगेच कळतो.

खेळ कसा पाहायचा ते थोडक्यात. बॉल हातात असलेल्या टीमला सहा टॅकल मिळतात. खेळाडूला पाडलं की तो उठतो, बॉल जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे ढकलतो. मागे उभा असलेला "डमी हाफ" तो उचलतो आणि पुढचा डाव सुरू होतो. त्या वेळी समोरच्या टीमने दहा मीटर मागे हटलेलं असलं पाहिजे, फक्त दोघे "मार्कर" बॉलसमोर उभे राहू शकतात. प्रेक्षकांतून रेफरीकडे सारखी जी ओरड होते ती बहुतेक या दहा मीटरवरून. पाचव्या टॅकलनंतर साधारणपणे लांब किक मारतात, कारण सहाव्यात पडलं की बॉल समोरच्याला द्यावा लागतो. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवल्याचे, चार गुण, त्यानंतरच्या किकचे दोन, पेनल्टी गोलचे दोन आणि फील्ड गोलचा, म्हणजे चालू खेळात बॉल खांबांमधून मारल्याचा, एक. फील्ड गोल ४० मीटरच्या पलीकडून मारला तर दोन. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग. पहिल्या सामन्यात बॉलऐवजी बचाव करणाऱ्यांच्या रांगेकडे बघा. सात जण मिळून रेडरला कोंडीत पकडतात तीच समज इथे तेरा जणांत दिसते.

आता मुख्य गोष्ट. आजच्या १७ टीमपैकी नऊ एकट्या सिडनीच्या आहेत, त्यातली एक वोलाँगाँगबरोबर भागीदारीतली. अ‍ॅडलेडची एकही नाही, पर्थची २०२७ पर्यंत नाही. हा नकाशा लोकसंख्येवरून आखलेला नाही. भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, टीव्हीचे हक्क विकले गेले, आणि त्यातून जे उरलं ते म्हणजे आजची स्पर्धा.

स्पर्धा मुळात सिडनीच्या मोहल्ल्यांची. १९८२ साली कॅनबेरा आणि इलावारा (वोलाँगाँगचा भाग) आले, १९८८ साली ब्रिस्बेन, न्यूकॅसल आणि गोल्ड कोस्ट. १९९५ मध्ये एकदम चार नव्या टीम आल्या: ऑकलंड, टाउन्सव्हिलची नॉर्थ क्वीन्सलंड, पर्थ आणि ब्रिस्बेनची दुसरी टीम, साउथ क्वीन्सलंड क्रशर्स. त्याच वर्षी वणवा पेटला. केबल टीव्ही नवा होता आणि गिऱ्हाईक खेचायला खेळ हवा होता. रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज लिमिटेडने "सुपर लीग" नावाची समांतर स्पर्धा उभी केली आणि १ एप्रिल १९९५च्या सुमारास खेळाडूंना एका झटक्यात करारात बांधलं. जुन्या ऑस्ट्रेलियन रग्बी लीगच्या बाजूने ऑप्टस या टेलिफोन कंपनीचा पैसा आणि नाइन वाहिनीचे केरी पॅकर उभे राहिले. १९७७ साली क्रिकेट फोडणारे पॅकर ते हेच. लीगच्या युद्धात ते प्रस्थापितांच्या बाजूला होते, हे आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

प्रकरण कोर्टात गेलं. पहिल्या निकालाने १९९६च्या फेब्रुवारीत सुपर लीग थांबली, ऑक्टोबरच्या अपिलात सुटली. १९९७ साली एकाच देशात दोन स्पर्धा झाल्या: एकीत बारा टीम, दुसरीत दहा. अंतिम सामनेही दोन. एकात न्यूकॅसलने अगदी शेवटच्या क्षणांत मॅनलीला २२-१६ हरवलं, दुसऱ्यात ब्रिस्बेनने क्रोनलाला.

यानंतरचा हिशोब एकदा बोटांवर मोजा, म्हणजे सगळ्या जखमांची जागा कळेल. १९९७ च्या दोन्ही मिळून २२ टीम. मग समेट होऊन पुन्हा एकच स्पर्धा झाली. पर्थ, सुपर लीगची हंटर मरिनर्स आणि क्रशर्स बंद झाल्या, मेलबर्न स्टॉर्म नवी आली: १९९८ ला २०. सुपर लीगने आणलेली अ‍ॅडलेड आणि गोल्ड कोस्ट गेल्या, सेंट जॉर्ज आणि इलावारा एक झाल्या: १९९९ ला १७. समेटाच्या करारात २००० सालापासून फक्त १४ टीम ठेवायचं ठरलं होतं. बॅल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्स एक होऊन वेस्ट्स टायगर्स झाल्या, नॉर्थ सिडनी आणि मॅनली एक होऊन नॉर्दर्न ईगल्स झाल्या, आणि १९०८ पासूनची साउथ सिडनी सरळ बाहेर काढली गेली. चौदा पूर्ण.

एकत्र झालेल्यांना जागेची हमी होती. एकट्याने उभं राहणाऱ्याला प्रेक्षकसंख्या, पैसा अशा निकषांवर मोजलं जात होतं. म्हणून जुन्या शेजाऱ्यांनी मनाविरुद्ध लग्नं लावली. त्यातलं मॅनली आणि नॉर्थ सिडनीचं मोडलंच: २००२ नंतर जागा मॅनलीकडे गेली आणि नॉर्थ सिडनीची अस्वलं (बेअर्स) खालच्या स्पर्धेत राहिली.

साउथ सिडनीचे लोक मात्र हजारोंनी रस्त्यावर उतरले, क्लब कोर्टात गेला, २००१ च्या अपिलात जिंकला आणि २००२ पासून परत खेळू लागला. पुढे २००३ मध्ये हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय) तो निकाल फिरवला, पण तोवर क्लब आत होता आणि आतच राहिला. २०१४ साली ते अजिंक्य ठरले, १९७१ नंतर प्रथमच. लाल-हिरव्या पट्ट्यांची जर्सी घातलेला साठीचा माणूस भेटला तर त्याला १९९९ बद्दल विचारा आणि ऐकत बसा. "तेव्हा टीम कमी करणं व्यवहाराचंच होतं" असं मात्र त्याला सांगू नका. ते मत चुकीचं की बरोबर हा प्रश्न वेगळा. त्याच्या घरातला माणूस गेल्यासारखं ते वर्ष आहे.

वेस्ट्स टायगर्सचं मैदान आजही लायकार्ट, कॅम्पबेलटाउन आणि पॅरामाटा असं विभागलेलं दिसतं, ते याच लग्नामुळे. तिकीट काढताना मैदानाचं नाव दोनदा वाचा. भलत्याच ठिकाणी जाऊन उभे राहिलेले नवखे दरवर्षी असतात. सेंट जॉर्ज इलावाराचंही तेच: कधी कोगराह, कधी वोलाँगाँग. मेलबर्नच्या स्टॉर्मबद्दल सिडनीत कडवट सूर ऐकू येईल. ती टीम युद्धानंतर वरून बसवलेली, दुसऱ्याच वर्षी अजिंक्य झालेली, आणि २०१० मध्ये वेतनमर्यादा मोडल्याबद्दल २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतलेली. तरी तार्नेट किंवा पॉइंट कुकला राहत असाल तर तुमची घरची टीम हीच, आणि खेळ उत्तम करते.

पश्चिम सिडनीत, म्हणजे हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, टूंगॅबीत बिऱ्हाड केलेल्यांनी पॅरामाटा ईल्सपासून सुरुवात करावी. कॉमबँक स्टेडियम पॅरामाटा स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, साधारण तीस हजार क्षमता, आणि प्रेक्षक मैदानाला अगदी चिकटून बसतात. हे लोक १९८६ पासून विजेतेपदाची वाट बघताहेत. पलीकडच्या पेनरिथने २०२१ ते २०२४ सलग चार जिंकली, तेव्हा ब्लॅकटाउनमध्ये घर घेतलंत तर दोन्हीपैकी एक निवडावी लागेल. एकदा निवडली की बदलू नये. इथे लोकांना हरणाऱ्या टीमचा माणूस चालतो, टीम बदलणारा चालत नाही.

ऑफिसातल्या टिपिंगमध्ये जरूर भाग घ्या. दर आठवड्याला प्रत्येक सामन्याचा विजेता लिहायचा. तीन गोष्टी सांभाळा. मंगळवारी दुपारी चारला टीम जाहीर होतात, त्याआधी टिप टाकू नका. पहिला सामना बहुधा गुरुवारी रात्री असतो. विसरलात तर पुष्कळ ठिकाणी आपोआप पाहुणी टीम तुमच्या नावावर टाकतात. आणि मे अखेर ते जुलै या काळात क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स असे स्टेट ऑफ ओरिजिनचे तीन सामने असतात, तेव्हा ज्या क्लबांचे अनेक खेळाडू राज्याच्या टीममध्ये जातात त्यांच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. ओरिजिनमध्ये खेळाडू सध्या राहतो कुठे याला महत्त्व नाही, तो मूळचा कुठला याला आहे. म्हणून मेलबर्नला खेळणारा मुलगा क्वीन्सलंडसाठी जीव टाकतो. गुणतक्त्यात विश्रांतीच्या आठवड्याचेही दोन गुण मिळतात, त्यामुळे हंगामाच्या मध्यावर तक्ता फसवा असतो. कोणाचे किती "बाय" झाले ते बघून मगच बोला.

मैदानात जाताना जुलैच्या रात्रीचा गारवा हलका घेऊ नका. कॅनबेरात पारा शून्याजवळ जातो, आतून थर्मल घालाच. काच, कॅन आणि दारू बाहेरून नेता येत नाही. ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियमला सामन्याच्या तिकिटावर बस-रेल्वे फुकट असते. सिडनीत ते सामन्यागणिक बदलतं, तिकिटावर बघून घ्या. घरी बसून पाहायचं तर काही सामने, ओरिजिन आणि अंतिम सामना नाइन वाहिनीवर फुकट दिसतात, सगळे हवे असतील तर कायोचं वर्गणीचं अ‍ॅप.

"लीग्ज क्लब" म्हणजे खेळाचं मैदान नव्हे. ते जेवणाचे, समारंभाचे मोठे हॉल असतात, दाराशी ओळखपत्र दाखवावं लागतं. स्वस्तात कुटुंबाचं जेवण होतं, मंडळाच्या कार्यक्रमालाही जागा मिळते. पण आत रांगेने पोकी, म्हणजे जुगाराची मशिन्स असतात, आणि सिडनीचे कित्येक लीग क्लब वर्षानुवर्षं याच पैशावर तगले. नव्या माणसाने त्या खोलीत पाऊलच टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कोणी अडकलंच तर १८०० ८५८ ८५८ ही जुगार-मदतीची फुकट हेल्पलाइन चोवीस तास चालते.

विस्ताराचा पुढचा टप्पा तुमच्या डोळ्यांदेखत घडतोय. १९९८ पासून ब्रिस्बेनमध्ये ब्राँकोज एकटी होती. क्रशर्स गेल्यावर पंचवीस वर्षांनी, २०२३ साली रेडक्लिफची डॉल्फिन्स आली. २०२७ ला पर्थ बेअर्स येतेय: बाहेर फेकलेल्या नॉर्थ सिडनीचं नाव, लाल-काळा रंग आणि बंद पडलेल्या पर्थचं शहर. एका कराराने दोन जुन्या जखमा शिवायचा प्रयत्न आहे. २०२८ ला पोर्ट मोर्सबीची टीम, पापुआ न्यू गिनी चीफ्स. त्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकार दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देणार आहे, कारण पॅसिफिकमधला प्रभाव हा आता परराष्ट्र खात्याचा विषय झाला आहे. लीग तिथला राष्ट्रीय खेळ आहे, ही टीम त्यांची हक्काची आहे. सध्याचे टीव्ही करार २०२७ अखेर संपतात. टीम वाढल्या की सामने वाढतात आणि विकायला माल वाढतो, हेही लक्षात ठेवा. पर्थला उतरणाऱ्या मराठी माणसासाठी ही दुर्मिळ वेळ आहे: तिथे टीमच नवी असल्याने पहिल्या हंगामापासून आत शिरता येईल.

मुलांना घालायचं असेल तर नोंदणी उन्हाळ्यातच, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत, क्लबच्या ऑनलाइन पानावरून करा. वयोगट जन्मवर्षावर ठरतो. अगदी लहानांना टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढायचा टॅग खेळ असतो. शारीरिक टक्कर नको असेल तर मोठ्यांसाठीही ऑझटॅग आणि टच आहेत. माउथगार्ड दाताच्या डॉक्टरकडून साच्यावर करून घ्या. मऊ हेल्मेटने मेंदूचा धक्का टळत नाही, त्यावर विसंबू नका. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर त्या दिवशी मुलाला पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, आणि लहान व हौशी खेळाडूंनी लक्षणं पूर्ण गेल्यावर चौदा दिवस आणि एकूण किमान २१ दिवस टक्करीचा खेळ टाळायचा, असं राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. प्रशिक्षक काहीही म्हणाला तरी यात तडजोड करू नका. शनिवारी सकाळी सीमारेषेवर पाणी द्यायला किंवा भाजलेले सॉसेज विकायच्या टेबलावर मदतीला उभे राहिलात, तर आधी "वर्किंग विथ चिल्ड्रन चेक" लागतो का ते क्लबला विचारा. न्यू साउथ वेल्समध्ये स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो.