हुरड्याच्या बैठकीत ऐकवावे असे बेटांचे संगीत

हुरड्याच्या दिवसांत आखाड्यावर आगटीभोवती चार माणसे जमली की तासभर ऑस्ट्रोनेशियन लोकांचे, म्हणजे तैवानपासून मादागास्करपर्यंतच्या बेटांवर पसरलेल्या एका भाषाकुळातल्या लोकांचे, संगीत ऐकवता येते. मात्र सुरुवात गाण्याने न करता एका शब्दाने करावी. तैवानमधील आमिस लोक आणि मलय भाषक पाचाला ‘लिमा’ म्हणतात, माओरी ‘रिमा’ म्हणतात आणि आफ्रिकेलगतच्या मादागास्करमध्ये तोच शब्द ‘दिमी’ होतो. पाच, पाँच, पंज हे नाते ठाऊक असलेल्या श्रोत्यांना, सुमारे ५००० वर्षांपूर्वी तैवानकडून होड्यांतून पसरत गेलेल्या भाषांचे हे एकच गोत आहे, हे चटकन पटते.

वेगवेगळ्या बेटांचे मिश्र संगीत लगेच लावू नये. पहिला मान तैवानमधीलच बुनुन लोकांच्या ‘पासिबुतबुत’ या प्रार्थनेला द्यावा, कारण ती राळ्याच्या पिकासाठी गातात आणि राळा आपल्याकडच्या जुन्या माणसांना परका नाही. पुरुष गोल उभे राहून पाठीमागून एकमेकांचे हात गुंफतात आणि शब्दांवाचून स्वर इतका सावकाश चढवत नेतात, की तो चढतो आहे हे बऱ्याच वेळाने उमगते; स्वर जितके जुळतील तितके पीक चांगले, अशी श्रद्धा आहे. भलरीला सरावलेले कान इथे ठेका शोधत बसतात, म्हणून मध्येच कोणी बोलू नये, हे आधीच सांगावे. मोबाइलवर खर्ज विरून जातो (ही चूक मी केली आहे), स्पीकर न्यावाच.

त्यानंतर मादागास्करची वलिहा, हे एक तंतुवाद्य. बांबूच्या नळीची सालच उचलून पूर्वी तिच्या तारा करीत. आता सायकलच्या ब्रेकच्या तारेचे पदर सोडवून लावतात. फिलिपिन्समधील कलिंग जमातीचे ‘कोलितोंग’ याच घडणीचे असल्याने दोन्ही पाठोपाठ वाजवावीत.

मग ‘स्मॉल आयलंड बिग साँग’ हा २०१८ चा अल्बम लावावा. त्यातील कलावंतांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या त्यांच्या बेटांवर झाले आणि एकाच्या गाण्यात दुसऱ्याने आपली भर घातली. त्यामुळे वलिहा कुठे शिरते, हे श्रोत्यांना ओळखायला सांगता येते.

गायकाचे आणि जमातीचे नाव प्रत्येक वेळी घ्यावे. आमिस गायक दिफांग आणि त्यांच्या पत्नी इगाय यांचा आवाज ‘एनिग्मा’ या जर्मन संगीत प्रकल्पाच्या गाण्यात नावाशिवाय वापरला गेला, ते गाणे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीतही वाजले, आणि न्यायालयात गेल्यावर १९९९ मध्ये तडजोड होऊन त्यांना श्रेय मिळाले. ज्या ध्वनिमुद्रणावर मूळ गायकाचे नाव नाही, ते मी यादीत घेतच नाही.