स्थिर कोनाच्या पात्यांचे जुने विजेवरचे हेलिकॉप्टर कसे उडवावे

जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर व्यवहार्य करून दाखवले, तेव्हा ते इंधनाच्या इंजिनावर उडत असे. विजेवरची छोटी हेलिकॉप्टरे, उदाहरणार्थ इकारस कंपनीचे पिकोलो, २००० सालच्या आसपास छंदिष्टांच्या हाती आली. असे एखादे यंत्र आपल्याला मिळाले, तर ड्रोनची सवय आधी विसरावी. स्टिक सोडल्यावर ड्रोन जागीच थांबतो, पण हे यंत्र तेवढ्या वेळात एका बाजूला निघून गेलेले असते.

उडताना याच्या पात्यांचा कोन वाढवता येत नाही, त्यामुळे वर चढायचे तर मोटरचा वेगच वाढवावा लागतो. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग वाढवणारी स्टिक, दिल्यावर पाती वेग घेईपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही, म्हणून नवशिका आणखी थ्रॉटल देतो आणि मग यंत्र एकदम उसळते. घाबरून थ्रॉटल पूर्ण खाली ओढला की तेच यंत्र दगडासारखे खाली येते. हा उशीर हाताच्या अंगवळणी पडणे, हेच खरे शिक्षण आहे.

बराचसा सराव टेबलावरच होतो. दोन्ही पात्यांचे वजन जुळवावे आणि हलक्या पात्याला सेलोटेपचा छोटा तुकडा लावावा. एका पात्याच्या टोकाला रंगीत टेप चिकटवून, चष्मा लावून, पाच-सहा पावलांवरून फिरणारी पाती पाहावीत. दोन रेषा दिसल्या, तर वरच्या पात्याचा कोन किंचित कमी करावा. नंतर फ्लायबार, म्हणजे मुख्य पात्यांना छेद देणारा तोलाचा दांडा, यंत्राला आडवा आणून त्याखाली दोन्ही बाजूंनी बोटे धरून यंत्र तोलावे आणि नाक झुकत असेल तर बॅटरी मागे सरकवावी.

सर्वांत खोडकर भाग म्हणजे शेपूट. तिची मोटर वेगळी असते आणि मुख्य मोटरला जितकी वीज मिळते, त्या प्रमाणात यंत्रातला मिक्सर नावाचा भाग तिला वीज देतो. थ्रॉटल वाढवताना नाक एका बाजूला वळत असेल तर प्रमाणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवावा, आणि शेपूट थरथरत असेल तर जायरोचा, म्हणजे शेपूट स्थिर ठेवणाऱ्या संवेदकाचा, गेन (संवेदनशीलता) कमी करावा. रिमोट आधी चालू करावा, मग बॅटरी जोडावी आणि काही सेकंद यंत्राला हातही लावू नये, कारण जायरो तेवढ्या वेळात आपली स्थिर अवस्था ठरवतो. बॅटरी उतरू लागली की हे जुळवलेले प्रमाण पुन्हा बिघडते, तेव्हा त्यासाठी जायरोला दोष देऊ नये.

बडोद्यात जागा निवडताना हरणीचा विमानतळ लक्षात घेऊन डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर परिसराचा रंग तपासावा, कारण तिथे उडवता येते का हे तो रंग सांगतो. मैदानात वारा पडलेला असताना, पहाटेच जावे. उत्तरायणाच्या पतंगोत्सवानंतरचे दोन-तीन आठवडे मात्र मी मैदान टाळतो. एका जानेवारीत नवलखी मैदानावर गवतात पडलेला हातभर मांजा शेपटीच्या मोटरच्या दांड्याभोवती गुंडाळला गेला आणि मला कळेपर्यंत मोटरमधून जळका वास येऊ लागला होता. शिकण्यासाठी रिकामे सभागृह उत्तम, फक्त छताचे पंखे बंद असावेत. गुळगुळीत फरशीवर यंत्र घसरते, गवतात पाय अडकून कलंडते.

पायांखाली बांबूच्या दोन कामट्या फुलीसारख्या बांधून चारही टोकांना टेबलटेनिसचे चेंडू बसवावेत. यंत्राच्या मागे उभे राहून, शेपूट आपल्याकडे ठेवून, थ्रॉटल इतकाच द्यावा की वजन हलके होऊन चेंडू फरशीवर सरकू लागतील. वरून पाहता मुख्य पाती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असतील, तर शेपटीच्या जोरामुळे यंत्र डावीकडे सरकते, म्हणून स्टिक किंचित उजवीकडे धरावी. ही मोडतोड नव्हे, यंत्राचा स्वभावच आहे. त्यानंतर वीतभर उड्या माराव्यात. जमिनीलगत पात्यांखालची हवा दबून यंत्र डगमगते, त्यामुळे थोड्या उंचीवर ते अधिक शांत वाटते, पण तेथवर जाण्याची घाई करू नये. उतरताना जमीन गाठण्याआधीच, यंत्र अजून खाली येत असताना, थ्रॉटल किंचित वाढवावा, म्हणजे तो जोर टेकण्याच्या वेळी पोहोचतो.

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा असतो आणि सात सेल जोडले की ८.४ व्होल्ट होतात. त्यांच्या जागी दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लावल्यास वजन घटते, पण तोल पुन्हा पाहावा लागतो. मोटरचा वेग सांभाळणारा जुना कंट्रोलर लिपो फार उतरण्याआधी वीज तोडणारा कट-ऑफ देत नाही, म्हणून मोबाइलवर चार मिनिटांचा गजर लावून उतरावे. तीन सेल लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ब्रशच्या छोट्या मोटरी तो ताण सोसत नाहीत. बडोद्याच्या मे महिन्यात तर दोन उड्डाणांच्या मध्ये मोटर बोटाला कोमट लागेपर्यंत थांबावे.

शेपूट आपल्याकडे ठेवून एक संपूर्ण बॅटरी संपेपर्यंत यंत्र जागीच राहू लागले की ते थोडे तिरके धरून पाहावे. नाक पूर्ण आपल्याकडे आले की डावे-उजवे उलटते आणि हात चुकतो. तसे घडल्यास वळवून सावरण्याच्या नादी न लागता, थ्रॉटल हळूहळू कमी करून यंत्र आहे तिथेच उतरवावे.