जठराचा कर्करोग आणि आयन चॅनेल: प्रयोगातल्या या चुका टाळा

पेशींच्या थरावर पिपेटच्या टोकाने रेघ ओढली, आयन चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातली आयनांना ये-जा करू देणारी प्रथिनाची वाट, बंद करणारं औषध घातलं, दुसऱ्या दिवशी रेघ भरली नाही. लगेच वहीत निष्कर्ष: 'या चॅनेलमुळे कर्करोग पसरतो.' असं वाक्य दिसलं की मी आधी एकच विचारते: पेशी जठराच्याच आहेत ना?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. एसजीसी-७९०१ आणि बीजीसी-८२३ या पेशींवर जठराच्या कर्करोगाचे ढीगभर शोधनिबंध निघाले. डीएनए तपासल्यावर त्या हेला निघाल्या, म्हणजे १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून मिळालेल्या पेशींचा वंश. त्यांच्यावरचे आकडे कितीही नेटके असोत, त्यांतून जठराबद्दल काही कळत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी एसटीआर अहवाल, म्हणजे पेशींची डीएनएवरून पटवलेली ओळख, मागा. कुपीवर एजीएस किंवा एमकेएन-४५ अशी जठराच्या कर्करोगाच्या पेशींची नावं लिहिलेली असलं तरीही.

आता ती रेघ. पेशी सरकल्या तरी ती भरते आणि पेशींची संख्या वाढली तरी भरते. पोटॅशियम चॅनेल रोखल्यावर अनेकदा पेशींचं विभाजनच मंदावतं, आणि आपण त्याला 'सरकणं थांबलं' म्हणून मोकळे होतो. मायटोमायसिन या औषधाने विभाजन थांबवा किंवा पेशींना वाढवणारं सीरम कमी ठेवा, आणि एकेका पेशीचा माग काढा. सरकणारी पेशी मागच्या टोकातून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडते, त्यांच्यामागे पाणी जातं आणि शेपूट आकसते. चॅनेलचा खरा वाटा इथे आहे, तोच पकडायचा आहे.

सगळ्यात जास्त फसवतं ते औषध. टू-एपीबी हे औषध टीआरपीएम७ हा चॅनेल रोखतं हे खरं, पण आयपी३ रिसेप्टरसह कॅल्शियमच्या इतर वाटाही तेच अडवतं. मग एसआयआरएनएने, म्हणजे ठरावीक प्रथिन बनू न देणाऱ्या आरएनएच्या तुकड्याने, टीआरपीएम७ कमी करून पाहावं, तर तिथेही पेच आहे: हे प्रथिन चॅनेलही आहे आणि कायनेजही, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम. प्रथिन गेलं की दोन्ही जातात. यावर उपाय म्हणजे एसआयआरएनएला दाद न देणारं प्रथिन पेशीत परत घालणं, एकदा धड, एकदा कायनेज निकामी केलेलं, एकदा छिद्र बंद असलेलं. महिने जातात, पण याशिवाय दोष कुणाचा ते ठरत नाही.

वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत गडद पट्टी दिसली म्हणून चॅनेल उघडतोय असं धरू नका. तो पेशीच्या आतच अडकलेला असू शकतो. नेहर आणि साकमान यांनी १९७६ साली दाखवलेलं पॅच क्लॅम्प हे तंत्र यासाठीच आहे: चॅनेलमधून जाणारा विद्युतप्रवाह मोजा. आणि ओमेप्रॅझोल हे आम्लपित्तावरचं औषध चॅनेल नव्हे, जठरात आम्ल सोडणारा पंप रोखतं. ही गल्लत भाषणांतही ऐकली आहे.

हर्ग या पोटॅशियम चॅनेलवर काम करत असाल तर एक कळकळीचं सांगणं. हृदयाचा ठोका झाल्यावर विद्युतभार पूर्ववत करणारा चॅनेलही हाच. तो अडल्यामुळे हृदयाची लय जीवघेणी बिघडते म्हणून सिसाप्राइड हे पोटाचं औषध अमेरिकेत २००० साली बाजारातून गेलं, भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. हर्ग रोखून पेशी थांबल्या असं लिहाल, तेव्हा त्याच परिच्छेदात क्यूटी अंतराचं, म्हणजे ईसीजीवर ठोका सुरू झाल्यापासून भार पूर्ववत होईपर्यंतच्या वेळाचं काय, हेही लिहा. रुग्णांचे नातेवाईकही हे वाचतात.